अंबूबाई, एवढं वाचू नका

चामराजपेट, बंगळूर
९ जून १९९६

वीणाआत्या,

मी यशश्री. नरसिंहरावांची मुलगी, तुझी भाची. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा माझे पुढचे दोन दात पडलेले होते. आता सगळे जागेवर आहेत आणि मी तेवीस वर्षांची घोडी झालेय, असं आई म्हणते.

पत्राची सुरुवात शिरसाष्टांग नमस्काराने कर, असं तिनेच बजावलं होतं. पण हे पत्र तू वाचणार नाहीस, कोणीतरी तुला वाचून दाखवणार. तेव्हा आधी त्यांना नमस्कार. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. माझं अक्षर एके काळी शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला बोलावत इतकं चांगलं होतं. आता ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, तेवढं सांभाळून घ्या.

आत्या, माझे डोळे चाललेत. संध्याकाळ झाली की मला दिसत नाही, आणि दिवसासुद्धा आजूबाजूचं सगळं कमी कमी होत चाललंय. समोरचं स्वच्छ दिसतं, पण तेवढंच, पुंगळीतून बघावं तसं. पलीकडच्या खुर्चीवर आई बसलेली असते आणि मी तिला घरभर शोधते.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, की हे रक्तातून येतं, घरात आणखी कुणाला होतं का. बाबा म्हणाले, कुणालाच नाही. घरी आल्यावर पायरीवर बसून बूट काढता काढता, बुटाकडेच बघत म्हणाले, "वीणाला होतं."

तुझं नाव आमच्या घरात मी मोठी झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. मग हळूहळू बाकीचं कळलं. पद्माकरकाका धारवाडला आले होते तेव्हा तू त्यांना भेटलीस, तुला आता अजिबात दिसत नाही, अंध मुलींच्या शाळेत तू खुर्च्यांना वेत विणायला शिकवतेस, हे सगळं बाबांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. पत्ता त्यांच्या पाकिटात होता, घड्या पडून पडून फाटलेला.

मी चित्रं काढते. इथल्या एका कन्नड पाक्षिकात मुलांसाठी काढते, आणि गेली दोन वर्षं एक मोठी चित्रकथा करतेय, पुस्तकभर, चौकटीमागून चौकट. दसऱ्याला बाहुल्या मांडतात त्या पायऱ्यांवरची लाकडी राणी एका संध्याकाळी पायऱ्या उतरून घराबाहेर निघून जाते, त्याची गोष्ट. ती राणी कोण ते तुला सांगायला नको. आमच्याच गल्लीतल्या छापखान्याचे मल्लाप्पा ती छापणार आहेत. त्यांना माझ्या डोळ्यांचं माहीत आहे, म्हणून रोज दारावरून जाताना म्हणतात, स्वल्प बेग, अम्मा. थोडं लवकर.

अडचण एकच आहे. मला तुझा चेहरा आठवत नाही. हात आठवतो, आवाज आठवतो, केसांना लावायचीस त्या मरव्याचा वास आठवतो. चेहऱ्याच्या जागी काही नाही. घरातले तुझे फोटो कोणी काढून टाकले ते मी विचारलं नाही. म्हणून राणी पुस्तकभर मी पाठमोरीच काढलीय. शेवटच्या पानावर तिला वळायचंय. मला दिसतंय तोवर मला तुझा चेहरा बघायचाय. एखादा फोटो असला तर पाठव.

तुझी,
यशश्री


चामराजपेट
१४ जुलै १९९६

आत्या,

तुझी कॅसेट मिळाली. पाकिटातून पत्राऐवजी कॅसेट निघाली तेव्हा आईला वाटलं कोणीतरी भजनं पाठवली. टेपरेकॉर्डर लावला आणि तू म्हणालीस, "यशे, ऐकतेयस ना?" मला यशे म्हणणारं आता कोणी नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईने कांदा चिरायला घेतला होता, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

अंबूबाई, तुमचं नाव कळलं, वसतिगृहाचं सगळं तुम्हीच बघता हेही कळलं. कॅसेटमध्ये मागून "माझा पण नमस्कार सांगा" म्हणणाऱ्या तुम्हीच ना? तुम्ही चष्मा हरवून पत्र दोनदा वाचलंत, एकदा चष्म्याशिवाय, असंही आत्याने सांगितलंय. चष्म्याशिवायची गोष्ट जास्त चांगली होती म्हणे.

आत्या, फोटो नाहीत, ठेवायचे कोणासाठी, असं तू हसत म्हणालीस. मग तूच ये. दसऱ्याला ये. आई अजून पायऱ्या मांडते. तिच्या लग्नातले राजा-राणी, ते रक्तचंदनाचे पट्टद गोंबे, अजून सगळ्यात वरच्या पायरीवर बसतात. तू विचारलंस म्हणून सांगते, राजाचा मोडलेला हात डिंकाने चिकटवलाय, तो कधी सरळ बसला नाही. आई त्याला जरीचं उपरणं पांघरते आणि हात झाकते.

आपण घरोघर बाहुल्या बघायला जायचो ते आठवतं का? मी दारातून ओरडायचे, गोंबे कूरिसिद्दीरा? बाहुल्या बसवल्यात का? मग आत बोलवायचे, मी एक गाणं म्हणायचे आणि कागदाच्या पुडीत हरभऱ्याची उसळ मिळायची. तू वाटेतच माझी अर्धी पुडी संपवायचीस आणि वर मलाच म्हणायचीस की बाई तुझी भूक फार. पूर्ण वाटभर तुझा हात माझ्या खांद्यावर असायचा. मला वाटायचं आत्या मला सांभाळतेय. हल्ली संध्याकाळी आईबरोबर कोपऱ्यावरच्या देवळात जाते तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवते. परवा चालता चालता एकदम लक्षात आलं आणि मी रस्त्यातच थांबले. आत्या, तू मला सांभाळत होतीस, की मी तुला?

तुझी,
यशश्री


चामराजपेट
१८ ऑगस्ट १९९६

आत्या,

"दोन्ही," म्हणालीस. तेवढा एक शब्द ऐकायला मी टेप इतक्यांदा मागे नेली की बाबा म्हणाले फीत तुटेल. म्हणजे ते ऐकतात. मी तुझी कॅसेट लावली की ते शेजारच्या खोलीत टेबलफॅन उघडून बसतात. कारखान्यात जन्मभर मशिनं बसवलेला माणूस, त्याला एक पंखा महिनाभर दुरुस्त होत नाही, असं कसं होईल?

त्या संध्याकाळचं तू सांगितलंस ते ऐकून मी माझी सहा पानं फाडली. मी काढलं होतं ते सगळ्यांना दिसलं तसं होतं. दसऱ्याची संध्याकाळ, तुला बघायला आलेल्या मुलाची आई आणि मावशी सतरंजीवर, पायऱ्यांवर झगमगाट, तू भिजल्या डाळीच्या कोसंबरीचं ताट घेऊन येतेस, मुलाच्या आईने बाजूने पुढे केलेलं कुंकू न घेता तशीच पुढे जातेस आणि सरळ पायऱ्यांवर आदळतेस. राजा खाली पडतो, हात मोडतो. इतकी वर्षं ही गोष्ट मी गल्लीतल्या लोकांकडून एवढीच ऐकली होती, की वीणा गर्विष्ठ होती, बोलावलं तरी बघायची नाही, हाक मारल्याशिवाय ओळख द्यायची नाही. त्या दिवशी तर आलेल्या पाहुणीचा अपमान केला आणि देवाच्या मांडणीवर पाय ठेवला.

आणि तू सांगतेस, तुला फक्त समई दिसत होती. एवढ्याशा ज्योतीच्या अंदाजाने तू दरवर्षी त्या खोलीत वावरायचीस, कारण समई नेहमी पायऱ्यांच्या उजवीकडे असायची. त्या वर्षी पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून आईने ती डावीकडे ठेवली. बस्स. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती ताटातला भात तसाच ठेवून उठली. तिला कुठून माहीत असणार? तू कुणाला सांगितलंच नव्हतंस. दिसत नाही म्हटलं तर लग्न व्हायचं नाही, म्हणून तू गर्विष्ठ म्हणवून घेणं पत्करलंस.

बाबा तेव्हा सगळ्यांसमोर काय म्हणाले ते मात्र मला आधीपासून माहीत होतं. "देवाने डोळे दिलेत की बटणं शिवलीत?" गल्लीतल्या पोरांनी ते उचललं होतं, वर्गात कुणी अडखळलं की म्हणायचे. आठवडाभरात तू घर सोडलंस.

आता त्या जागी एक पूर्ण पान काळं आहे, आणि डाव्या कोपऱ्यात एक बारीक ज्योत. राणीला वाटतं ती उजवी बाजू आहे. मल्लाप्पा पान उलटंसुलटं करून बघत होते. इष्टु कप्पु? एवढं काळं? शाई किती लागेल अम्मा? मी म्हटलं, लागू दे.

माझी तब्येत छान आहे. काम जोरात चाललंय.

अंबूबाई, आता पुढचं मनात वाचा, तिला ऐकवू नका. पुंगळी लहान होत चाललीय. पानावरची एक अख्खी चौकट मला एका नजरेत दिसायची, ती आता दिसत नाही, अर्धीच दिसते. दौतीत कुंचला बुडवताना दौत चुकते. परवा भर दुपारी मी आमच्या दाराजवळच्या गटारात पडले, गुडघा फुटला. डॉक्टर म्हणतात हिवाळ्यानंतर काय राहील ते सांगता येत नाही. तिला दसऱ्याला यायला लावा. मला तिचा चेहरा बघायचाय आणि वेळ थोडा आहे. हे सांगून तिला बोलवायचं नाही, दयेने ती आली तर मला आवडणार नाही. तुम्हीच काहीतरी करा.

इथून पुन्हा मोठ्याने वाचा. आत्या, ये. वाट बघते.

तुझी,
यशश्री


चामराजपेट
८ सप्टेंबर १९९६

आत्या,

अंबूबाईंनी सगळं वाचलं तर. "मी तिच्यापासून काही लपवत नाही, पोरी, माझं काम वाचून दाखवायचं आहे," असं कॅसेटवर ठणकावून सांगतात वर. अंबूबाई, मी तुमच्यावर रागावले आहे. फार नाही, थोडी.

पण तुझ्यावर रागावले आहे, आणि फार. "मला तू बोलावतेयस, नरसण्णाने बोलावलेलं नाही. ज्याने दार दाखवलं त्याने उघडल्याशिवाय मी त्या घराची पायरी चढणार नाही." हे तू इतक्या शांतपणे म्हणालीस. तुम्ही दोघं भाऊबहीण एका मातीचे आहात. तो पंखा उघडून बसतो आणि तू वेत विणत बसतेस, आणि मधल्या मधे माझे डोळे चाललेत. तुला तर माहीत आहे ते कसे जातात. तुला तरी घाई कळायला हवी होती.

बाबांनी ती कॅसेट ऐकली. मी मुद्दामच आवाज मोठा ठेवला. त्यांनी चहा घेतला आणि बाहेर गेले.

मी शेवटच्या पानाच्या आधीची सगळी पानं पुरी केलीत. अंगणात, उन्हात बसून काढते. शेवटचं पान कोरं ठेवलंय. चेहरा मनाने काढून वेळ मारून नेणार नाही. नाहीच दिसला, तर पुस्तक कोऱ्या पानाने संपेल, मग मल्लाप्पांची शाई तरी वाचेल.

यशश्री


चामराजपेट
५ ऑक्टोबर १९९६

आत्या,

हे पत्र पोस्टाने येत नाहीये.

अंबूबाई, ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं ते अजून दारातच उभे असतील. उंच, पांढरा शर्ट, तपकिरीचा वास, आणि कोणी बसा म्हटलं तरी बसणार नाहीत. ते नरसिंहराव. त्यांना वाटतंय की पत्रात पुस्तकाविषयी काहीतरी आहे. त्यांना तसंच वाटू द्या आणि मोठ्याने वाचा, म्हणजे त्यांनाही ऐकू जाईल.

आत्या, गेल्या आठवड्यात बाबांनी माळ्यावरून बाहुल्यांची पेटी काढली. दसरा अजून लांब होता. राजाला बाहेर काढलं, गरम पाण्याने जुना डिंक सोडवला, पितळेची एक बारीक पिन कानशीने घासून घासून केली आणि हात बसवला. आता तो सरळ आहे, आणि फिरतोही. हे काम त्यांना पहिल्याच दिवशी करता आलं असतं. आई त्यांना म्हणालीसुद्धा तसं. ते म्हणाले, हात दुरुस्त केला असता तर काहीच झालं नाही असं सगळे वागले असते.

मग त्यांनी तुला पत्र लिहायला घेतलं. संध्याकाळभर बसले आणि "चि. वीणा" एवढंच लिहून उठले. सकाळी मला म्हणाले, तू काहीतरी लिहून दे, मी नेऊन देतो. राजाला धोतरात गुंडाळून पिशवीत घातलंय. आज यशवंतपूरहून गाडी आहे.

त्यांनी तुझ्या दारात काय बोलावं हे मी सांगितलेलं नाही. त्यांना बोलता येईल की नाही तेही माहीत नाही. पण आत्या, माझ्या बाबांना मी कारखान्याच्या कामाखेरीज कुठे एकटं जाताना पाहिलेलं नाही, आणि ते तुझ्याकडे आलेत. पिशवी हातात घे. हात फिरवून बघ, राजाचा उजवा.

यशश्री


चामराजपेट
१७ नोव्हेंबर १९९६

आत्या,

तू परत गेल्यापासून घर फार गप्प आहे. बाबांनी टेबलफॅन खरोखरच दुरुस्त केला, त्यामुळे त्यांना आता करायला काही नाही. ते सकाळी उठून विचारतात, धारवाडला आता थंडी पडली असेल नाही? आई म्हणते, फोन करून विचारा ना. मग तेवढ्यापुरते ते पेपर वाचतात.

धारवाडच्या दारात ते बराच वेळ उभे होते आणि तू तपकिरीच्या वासावरून ओळखूनही मुद्दाम "कोण आहे?" विचारलंस, हे तू मला सांगितलंस. ते त्यावर काय म्हणाले ते मात्र तुम्ही दोघंही सांगत नाही. नका सांगू. आपल्या दारात काय झालं ते मी पाहिलंय, म्हणजे जेवढं दिसलं तेवढं. रिक्षातून उतरून तू थांबलीस. बाबांनी तुझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "पायरी आहे, वीणा. हळू." तू पायरी चढलीस. समई उजवीकडे होती, आईने सकाळपासून तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. तुला ती दिसणार नव्हती हे आईला कळत होतं, तरीही.

दसऱ्याच्या संध्याकाळी, मांडणी संपली म्हणून, एक बाहुली आडवी करून निजवायची, तेव्हा आईने तुला सांगितलं की यंदा तू निजव. तू राजाला निजवलंस, आणि हात नीट अंगाखाली येणार नाही असा ठेवलास. बाबा उठून अंगणात गेले.

तुझा चेहरा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. धुण्याच्या दगडाशेजारी स्टुलावर तुला उन्हात बसवलं होतं. तुला वाटलं असेल ही पोरगी किती वेळ लावतेय. मला एका वेळी थोडंच दिसत होतं, आत्या. आधी कपाळ. मग भुवया, मधे जवळजवळ जुळलेल्या. कानापाशी तीळ. डोळे उघडे होते आणि ऊन थेट त्यांत पडत होतं, तरी तू मिटले नाहीस. मग नाक, बाबांचंच. हनुवटीपाशी आले आणि कुंचला खाली ठेवला. ती माझी हनुवटी आहे. आरशात रोज बघत होते, ती तुझी आहे हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की काय करावं कळेना, म्हणून मी तुला विचारलं कॉफी हवी का.

पुस्तक पूर्ण झालं. शेवटच्या पानावर राणी वळलीय. मल्लाप्पांनी ते पान खूप वेळ धरलं, मग म्हणाले, अक्का नम्म मनेगे बंदिद्रा? आमच्या घरी आल्या होत्या का या? बाजारात, देवळात कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं म्हणाले. पुस्तक जानेवारीत निघेल. माझे डोळे तोवर असतील असं डॉक्टर म्हणतात. थोडे असतील. मला आता पूर्वीएवढी भीती वाटत नाही. वाटते, पण तू कॅसेटवर हसतेस ते आठवलं की कमी होते.

आता एकच उरलं होतं. ज्या बाईवर पुस्तक केलं तिला ते दाखवायचं कसं? अंबूबाई वाचून दाखवतील, पण चित्र वाचतात कसं? तूच एका कॅसेटवर म्हणाली होतीस, की अंबूबाईंच्या मुलीच्या लग्नात मेंदी वाळत आली होती तेव्हा तू तिच्या तळहातावरची नक्षी बोटांनी वाचलीस, कुयरी कुठे संपते तेसुद्धा. मी मेंदीचा कोन आणला, मेंदी काढून टाकली आणि त्यात घट्ट डिंक भरला. जाड पुठ्ठ्यावर शेवटच्या पानाचं चित्र रेघ रेघ करून पुन्हा काढलं. पहिले दोन बिघडले, तिसरा वाळायला दोन दिवस लागले. रेघा छान वर आल्यात. शेवटी शेवटी मी डोळे मिटून बोटानेच तपासत होते, आणि खरं सांगू, कुंचल्यापेक्षा हे बरं जमतंय. पुढचं पुस्तक असंच करीन म्हणते.

अंबूबाई, तो पुठ्ठा याच पाकिटात आहे. डिंक अजून थोडा कच्चा असेल, सांभाळून काढा. डाव्या कोपऱ्यात काळ्या पानावरचीच छोटीशी ज्योत लागेल, तिचं बोट आधी तिथे ठेवा. तिथून तिची ती जाईल. मधे काही सांगू नका, हनुवटीपर्यंत पोचू दे तिला.

आणि आता पत्र खाली ठेवा. पुढे वाचायला काही नाही.